गाडी सकाळी, धार संध्याकाळी : दुधाच्या नासाडीवर वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराला येणारे प्रश्न बहुतेक दुधाचेच असतात, आणि सोलापूर जिल्ह्यात ४२ अंशात दूध टिकवायचं म्हणजे काही चेष्टा नाही. यावेळी त्यातलेच काही घेतलेत. नावं छापलेली नाहीत, कारण दोघातिघांनी डेअरीविषयी कडक लिहिलंय आणि उद्या सकाळी परत तिथंच दूध घालायचंय त्यांना.

प्रश्न : माझ्याकडं चार एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाई आहेत. संध्याकाळचं वीस-बावीस लिटर निघतं, पण संस्थेची गाडी सकाळीच येते. एप्रिल लागल्यापासून रात्रीचं दूध आंबट म्हणून परत येतंय. शेजारी म्हणतो चिमूटभर सोडा टाक, कुणाला कळत नाही. टाकू का? (मोहोळ तालुका)

उत्तर : अजिबात नको. सोड्यानं आंबटपणा झाकला जातो, जंतू आहेत तिथंच राहतात, उलट आंबटपणामुळं त्यांना जो थोडाफार लगाम बसतो तोही सुटतो. आणि कळत नाही म्हणणारा शेजारी कधी चिलिंग सेंटरवर गेलेला दिसत नाही, रोझॅलिक अॅसिडचे थेंब टाकले की सोड्याचं दूध गुलाबी-लाल होतं. पकडलं तर ती सरळ भेसळ, आणि कॅन तुमचा एकट्याचा असला तरी टँकर सगळ्या गावाचा असतो हे विसरू नका.

आता मूळ दुखणं. कासेतून दूध येतं तेव्हा ३७-३८ अंशावर असतं, आणि एवढ्या उबेत जंतू वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे चार तासात एकाचे अडीचशे तरी, नाहीतर चार हजारसुद्धा. ताज्या दुधात जंतूंना रोखणारं थोडं निसर्गाचंच संरक्षण असतं पण ते दोनेक तास पुरतं, त्यापुढं नाही. तुमचं दूध संध्याकाळी सहाचं, गाडीत चढतं सकाळी सात वाजता. टेस्टर मुद्दाम करतो असं तुम्ही लिहिलंय, ते वाक्य मी वर गाळलंय, असेलही तसा तो, पण तेरा तास उभं राहिलेलं दूध त्यानं नासवलेलं नाही हो.

कॅन हौदातल्या पाण्यात उभा करून वर ओलं पोतं टाकायचं हे सगळे करतात आणि करावंच, पाण्याची पातळी कॅनमधल्या दुधाच्या वर ठेवायची आणि पहिला अर्धा तास दूध मधूनमधून स्वच्छ दांड्यानं हलवायचं, नाहीतर कडेचं गार होतं आणि मधलं तसंच कोमट राहतं. पण आपल्याकडं मे महिन्यात बोरचं पाणीच असं कितीसं गार असणार. त्यानं दोन-तीन तास मिळतील, रात्र निघणार नाही. रात्र काढायची तर बर्फ लागतो, आणि तो कॅनच्या बाहेरच्या पाण्यात, दुधात कधीच नाही. हिशोब असा की दहा लिटर दूध ३५ वरून १० अंशावर आणायला साधारण तीन किलो बर्फ वितळतो, उष्ण हवेतला तोटा धरला तर चार-पाच किलो धरून चाला, आणि ते रात्रभर तसंच गार ठेवायचं तर पहाटेसाठी थोडा अजून. म्हणजे तुमच्या वीस लिटरला रोज आठ-दहा किलो तरी. बर्फाचा भाव आणि महिन्यात परत येणाऱ्या दुधाची किंमत एका कागदावर मांडून बघा, बऱ्याच जणांना बर्फ स्वस्त पडतो पण फॅक्टरी लांब असली तर नाही पडत.

माझं मत विचाराल तर एकट्यानं बर्फ आणण्यापेक्षा वस्तीवरच्या आठ-दहा जणांचं संध्याकाळचं दूध एकत्र करून संस्थेकडं संध्याकाळच्या संकलनाची मागणी करा. वीस लिटरसाठी गाडी येत नाही, दीडदोनशेसाठी यायचा विचार तरी होतो. तेही जमलं नाही तर उन्हाळ्यापुरतं रात्रीच्या दुधाचा खवा. बार्शीला लागून भूम-कुंथलगिरीचा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. खवा करायला कूलर लागत नाही, दुपारच्या उन्हातही भट्टी चालते. गाईच्या पाच-साडेपाच लिटरला किलोभर खवा पडतो, सरपण आणि मजुरी धरून परवडतं का ते बघा. मात्र दूध ताजं असतानाच आटवायचं, आंबट झाल्यावर कढईत टाकलं तर फुटतं.

प्रश्न : म्हशींची धार मीच काढते. प्लास्टिकचा कॅन हलका पडतो, मालक मोटारसायकलवर नेतात. डेअरीवाले म्हणतात स्टीलचाच आणा. एवढा काय फरक पडतो? (सांगोला तालुका)

उत्तर : ताई, फरक पडतो, पण सगळा दोष प्लास्टिकचा नाही, अरुंद तोंडाचा आहे. तेलाचा नाहीतर कसला तरी जुना कॅन दुधाला वापरला की त्यात हात जात नाही, कोपऱ्यात साय बसते, आतून चरे पडतात आणि त्या चऱ्यात कालचं दूध आजच्याला विरजण लावतं. केनिया, युगांडाकडंही पिवळ्या जेरीकॅननं हाच त्रास दिलाय, तिकडं म्हणून रुंद तोंडाचे फूडग्रेड प्लास्टिकचे कॅन मुद्दाम बनवले गेले. तुम्हाला स्टील जड वाटत असेल तर अॅल्युमिनियमचा छोटा कॅन घ्या, हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे एवढंच बघा.

धुताना आधी साधं गार पाणी, मग धुण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी आणि ब्रश, मग परत स्वच्छ पाणी. आधीच गरम ओतलं तर दूध भांड्याला चिकटून बसतं. राख, वाळू नको, त्यानंच चरे पडतात. शेवटी पालथा घालून उन्हात वाळवायचा, झाकण लावून ओला ठेवायचा नाही. इथला धुण्याचा सोडा कॅन घासायला आहे बरं का, वरच्या भाऊंचा दुधात टाकायचा वेगळा!

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगते. धारेचे पहिले दोन-तीन फवारे काळ्या फडक्यावर घ्या, गाठी दिसल्या तर दगडी (कासेचा आजार) आहे, ते दूध वेगळं काढा. आणि व्यायल्यावर पहिले पाच दिवस चिकाचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये घालू नका, उकळल्यावर तेच फुटतं आणि बाकीचं चांगलं दूधही परत येतं. कॅन अर्धवट भरून खड्ड्यातून नेला तर दूध घुसळून लोण्याचे कण झाकणाला लागतात, मग फॅट कमी लागली म्हणून भांडण. त्यापेक्षा लहान कॅन काठोकाठ भरलेला बरा.

प्रश्न : संस्थेत बीएमसी (दूध गार करायची मोठी टाकी) बसवून वर्ष झालं, तरी वरून एमबीआरटी (निळा रंग घालून दुधातले जंतू जोखायची चाचणी) खराब येतेय म्हणून कळवतात. मशीनमध्ये दोष असेल का? (बार्शी तालुका, संस्थेचे सचिव)

उत्तर : असू शकतो, पण आधी बाकीचं तपासा. गार केल्यानं दूध चांगलं होत नाही, जसं आलं तसं थांबतं, एवढंच. एमबीआरटीत निळा रंग पाच तासांच्या वर टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर जंतूंचा बाजार भरलेला आहे, आणि तो बाजार बहुतेक वेळा तुमच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच भरलेला असतो. रांग किती वेळ चालते ते बघा. पहिल्या सभासदाचं दूध साडेसहाला येऊन आठपर्यंत कॅनमध्येच उभं असेल तर दोष मशीनचा नाही. प्रत्येक कॅनचं थोडं दूध टेस्ट ट्यूबमध्ये उकळून बघायला काही मिनिटं लागतात, ती टाळली की एकाचं फुटकं दूध हजार लिटरमध्ये जातं, आणि कुणाचं होतं ते नंतर सापडत नाही. चेअरमनच्या भावाचा कॅनसुद्धा उकळून बघायचा, हे लिहायला सोपं आहे, माहितीये मला.

सकाळचं कोमट दूध रात्रीच्या गार दुधावर ओतलं की सगळ्या टाकीचं तापमान वर जातं, ते तीनेक तासात परत ४ अंशाच्या आसपास येतंय का, याची वही ठेवा. लाईट जाते म्हणून जनरेटर आणि डिझेल, हा खर्च छोट्या संस्थेला खातो. आता थर्मल बॅटरीचे कूलर मिळतात, लाईट असताना थंडावा साठवून ठेवतात आणि लाईट नसताना दूध गार करतात. नवीन घेताना चौकशी करा. आणि खालचा व्हॉल्व उघडून धुतला जातो का ते स्वतः वाकून बघा.

प्रश्न : गरीब देशांत दुधाची नासाडी खूप असते असं वाचलं. आपल्याकडं किती? आणि बाहेर दुधात कायदेशीर औषध टाकतात हे खरं का? (करमाळा, अॅग्रीचा विद्यार्थी)

उत्तर : सिफेट या काढणीनंतरच्या नुकसानीवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अहवालात भारतातलं दुधाचं नुकसान ०.९२ टक्के धरलंय. युगांडात एफएओनं (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) दोनेक दशकांपूर्वी सुमारे २७ टक्के मोजलं होतं. टांझानियात पावसाळ्यात नुकसान वाढतं, कारण दूध जास्त आणि रस्ते बंद. आपल्याकडं १९७० च्या ऑपरेशन फ्लडपासून गावात संस्था आल्या, हा मोठा फरक. पण २०२३-२४ मध्ये देशात जवळपास २३.९ कोटी टन दूध झालं, त्याला आपला ०.९२ टक्क्यांचा दर लावला तरी नासाडी २२ लाख टन होते, आणि शेतकऱ्याला खराब प्रत म्हणून जो भाव कापून मिळतो तो या टक्क्यात नसतोच.

औषधाचं म्हणाल तर ते लॅक्टोपेरॉक्सिडेज. दुधातल्याच संरक्षणाला थायोसायनेट आणि परकार्बोनेट (यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं) अगदी मोजून देऊन बळ द्यायचं, ३० अंशाला ७-८ तास दूध टिकतं. कोडेक्स या अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या मंडळानं १९९१ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, क्युबात वापर झाला. ते फक्त जिथं गार करणं शक्यच नाही तिथंच. आपल्याकडं कच्च्या दुधात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर भेसळ, त्यामुळं प्रयोग घरी करू नकोस.

प्रश्न : पिशवीचं दूध तापवताना फुटतं. डेअरी फसवते का? (सोलापूर शहर)

उत्तर : बहुतेक वेळा पिशवी दुकानाबाहेर क्रेटमध्ये उन्हात पडलेली असते. सकाळी लवकर घ्या, हाताला गार लागली तरच, फ्रीजच्या दारात न ठेवता आत ठेवा, आणि कालचं उरलेलं दूध त्यात मिसळून तापवू नका.