तांबडी रक्तपेशी ‘आदिकेंद्रकी’ का नाही?

प्रश्न असा : आदिकेंद्रकी म्हणजे केंद्रक नसलेली पेशी, दृश्यकेंद्रकी म्हणजे केंद्रक असलेली. माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, मग ती आदिकेंद्रकी ठरते का?

नाही. तिला ‘केंद्रकहीन’ म्हणावे. केंद्रकहीन असूनही ती दृश्यकेंद्रकीच. गोंधळ ‘दृश्य’मुळे होतो. मूळ ग्रीकमध्ये ‘कॅरिऑन’ म्हणजे कवचाआतला गर, ‘प्रो’ म्हणजे आधीचा आणि ‘यू’ म्हणजे खरा. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों यांनी १९२५ साली ‘प्रोकॅरिओट’ (आदिकेंद्रकी) आणि ‘युकॅरिओट’ (दृश्यकेंद्रकी) हे शब्द वापरले, १९६२ साली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅनियर व व्हान नील यांनी ही विभागणी पक्की केली. ती पेशीच्या एकूण बांधणीवर आणि वंशावर बेतलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली आत्ता केंद्रक दिसते का, यावर नव्हे.

अस्थिमज्जेत घडताना तांबड्या पेशीला केंद्रक असते. हिमोग्लोबिन भरत आले की ती केंद्रक बाहेर टाकते. पुढे तंतुकणिका (ऊर्जा पुरवणारे भाग, मायटोकाँड्रिया) आणि रायबोसोम (प्रथिने बनवणारे कण) हेही जातात. म्हणून तिला नवी प्रथिने बनवता येत नाहीत, विभाजनही होत नाही आणि सुमारे १२० दिवसांत ती संपते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक टिकते.

जिवाणूची गोष्टच वेगळी. डीएनए त्यालाही असतो, भोवती पटल तेवढे नसते. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे एकच वर्तुळाकार गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचे असते. मध्ये पटलाची आडकाठी नसल्याने आरएनए तयार होत असतानाच रायबोसोम त्याला चिकटतात आणि प्रथिन बनू लागते. दृश्यकेंद्रकी पेशीत आरएनएची केंद्रकात काटछाट होते, मग तो बाहेर येतो. रायबोसोमही निराळे : जिवाणूंत ७०एस, आपल्या पेशीद्रवात ८०एस. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक जिवाणूच्या रायबोसोमच्या ३०एस भागाला पकडते, हा भेद औषधाला असा उपयोगी पडतो. (जिवाणूच्या रायबोसोमचे ५०एस आणि ३०एस हे दोन भाग मिळून ७०एसच होतात, कारण ‘एस’ हे वजन नसून तळाशी बसण्याच्या वेगाचे माप आहे.)

‘आदिकेंद्रकी’ आणि ‘एकपेशीय’ हेही समानार्थी नव्हेत. दह्यातला लॅक्टोबॅसिलस आदिकेंद्रकी, पाव फुगवणारे यीस्ट एकपेशीय पण दृश्यकेंद्रकी. नील-हरित शैवाल नावाने शैवाल असले तरी आदिकेंद्रकी आहे. व्याख्या लिहिताना ‘केंद्रक नसते’ एवढ्यावर थांबू नये. ‘पटलाने वेढलेले केंद्रक आणि पटलयुक्त अंगके (तंतुकणिकेसारखे पेशीतले भाग) नसतात’ असे लिहावे.