फॅशियाच्या गाठी, आखडलेला खांदा आणि मनावरचा ताण

प्रश्न : माझे वय 47 असून मी एका पतसंस्थेत काम करते. माझ्या आईच्या दीर्घ आजारपणात तिची सर्व शुश्रूषा मीच केली. ती गेल्यापासून माझी मान आणि उजवा खांदा सतत आखडलेला असतो. एक्स-रे आणि रक्ततपासणीत विशेष काही आढळले नाही. एका मसाज थेरपी केंद्रात मला सांगण्यात आले की माझ्या फॅशियामध्ये चिकट गाठी, म्हणजे अ‍ॅढिजन्स, तयार झाल्या आहेत, त्यांत दडपलेले दुःख साठले आहे आणि त्या फोडून काढण्यासाठी बारा सिटिंग्ज घ्यावी लागतील. दुसऱ्या सिटिंगच्या वेळी मला अनावर रडू आले आणि त्यानंतर एक-दोन दिवस फार हलके वाटले. मात्र दंडावर काळेनिळे डाग पडले आणि दुखणेही परतले. हे उपचार पुढे चालू ठेवावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले दुखणे खरे आहे आणि उपचाराच्या वेळी आलेले रडूही खरे आहे. शंका घ्यायला हवी ती या दोन्हींची जी सांगड आपल्याला घालून देण्यात आली, तिच्याबद्दल.

मटण साफ करताना मांसावरचा जो पांढुरका, चिवट पापुद्रा सुरीने सोलून काढावा लागतो, तो फॅशियाच होय. आपल्या शरीरातही प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूंच्या गटांभोवती आणि त्वचेखाली असे पापुद्रे असतात. ते मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असतात आणि त्यांच्या थरांमध्ये हायल्युरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असल्यामुळे हालचालीच्या वेळी एक थर दुसऱ्यावरून सरकू शकतो. शल्यविशारद पूर्वी ज्याला केवळ आवरण समजून बाजूला सारत, त्या या ऊतकाकडे संशोधकांचे लक्ष गेल्या दोन-तीन दशकांत बरेच वळले असून, या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2007 मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे भरली होती. फॅशियामध्ये मज्जातंतूंची टोके मोठ्या संख्येने असतात आणि त्यामुळे तेथून वेदना उमटू शकते, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. संशोधक हेलन लँजव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये सोनोग्राफीच्या साहाय्याने दाखवले की, ज्यांची कंबर दीर्घकाळ दुखते त्यांच्या कमरेच्या फॅशियाचे थर एकमेकांवरून सरकण्याचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी कमी असते. तेव्हा आपल्या उपचारकांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही. परंतु थर कमी सरकल्यामुळे कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून माणूस हालचाल टाळतो आणि त्यामुळे थर आखडतात, याचा निर्णय त्या निरीक्षणावरून करता येत नाही.

खरी अडचण ‘फोडण्या’च्या कल्पनेत आहे. मांडीच्या बाहेरील बाजूची आणि तळपायाची फॅशिया हाताच्या दाबाने कितपत बदलू शकते, याचे गणिती प्रारूप 2008 मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात असे दिसले की या दाट पापुद्र्यांमध्ये अवघा एक टक्का बदल घडवायलासुद्धा माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचे बळ लागेल. दाबाने तंतू तुटत नसतील, तर मग बोटांखाली ती गाठ विरघळल्यासारखी का वाटते? याचे अधिक पटणारे उत्तर मज्जासंस्थेत सापडते. स्नायूला किती आवळून धरायचे हे मेंदू आणि मेरुरज्जू ठरवतात. संथ, सोसेल इतका दाब आणि ऊब यांमुळे ती आज्ञा काही काळ सैल होते, वेदनेची तीव्रताही उतरते, आणि जुन्या सवयी व जुना ताण कायम असल्यामुळे एक-दोन दिवसांत पकड पुन्हा बसते. आपल्याला आलेला अनुभव नेमका असाच आहे. दंडावर पडलेले काळेनिळे डाग म्हणजे त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्याची खूण आहे. त्यांना गाठ फुटल्याचा पुरावा म्हणणे चुकीचे आहे आणि ‘जितके दुखेल तितके बरे होईल’ हा समज तर मला घातक वाटतो, कारण दुखऱ्या जागेवर जोर केला की शरीर ती जागा अधिकच आवळून धरते.

आता भावनांविषयी. दडपलेल्या भावना स्नायूंच्या कवचाच्या रूपाने शरीरात गोठून राहतात, ही मांडणी ऑस्ट्रियन मनोविश्लेषक विल्हेल्म राइश यांनी 1930 च्या दशकात केली. पुढे शरीरावरील अनेक हस्तोपचारांनी ती आपापल्या परीने उचलली. एखादे विशिष्ट दुःख एखाद्या विशिष्ट ऊतकात साठून राहते आणि ते ऊतक दाबल्यावर बाहेर पडते, याला मात्र आधार मिळालेला नाही. ज्याला भक्कम आधार आहे, ती गोष्ट याहून साधी आहे. मनावर ताण असताना, हाताने कोणतेही काम चाललेले नसले तरी, मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस हा स्नायू कार्यरत राहतो. जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे चढतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घोटाळतो. रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र जागणाऱ्या माणसाचे शरीर महिनोन्महिने याच अवस्थेत असते. त्यातच आईला उठवणे, कूस बदलून देणे हा प्रत्यक्ष शारीरिक भार आपण उचललात. आईच्या जाण्यानंतर ती सावध अवस्था आपोआप मिटली नसेल, तर त्यात नवल नाही.

मग रडू का आले? आपण दुसऱ्याची सेवा करत होतात, त्या काळात आपल्या पाठीवरून मायेने हात फिरवणारे बहुधा कोणी नव्हते. केसाळ त्वचेत असे काही मज्जातंतू आहेत की जे संथ, हलक्या स्पर्शालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूच्या भावनांशी निगडित भागांशी त्यांचा संबंध आहे. शांत खोली, निश्चिंतपणे पडून राहण्याची मुभा आणि स्पर्श एवढे मिळाल्यावर अश्रू आले, तर ते अगदी स्वाभाविक आहे. त्यासाठी कोणतीही गाठ फुटावी लागत नाही. त्या अश्रूंना उपचाराची प्रगती मानून पुढच्या सिटिंगचे पैसे मागितले जात असतील, तर ते मला गैर वाटते. ज्याला दुःख ऐकून घेण्याचे शिक्षण नाही, त्याने ते उकरूनही काढू नये.

मालिश आवडत असेल तर जरूर घ्यावे, पण हलक्या हाताचे, आणि आधीच बारा सिटिंग्जचे पैसे न भरता. त्याआधी एक तपासणी घरीच करून पाहावी. आरशासमोर उभे राहून दोन्ही कोपरे कमरेला चिकटवावीत, काटकोनात वाकवावीत आणि पंजे बाहेरच्या बाजूला न्यावेत. उजवा पंजा डाव्यापेक्षा खूपच कमी बाहेर जात असेल आणि दुसऱ्याने हळूच नेऊ पाहिला तरी अडत असेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता लक्षात घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. आपल्या वयाच्या आसपास हा आजार अधिक आढळतो आणि मधुमेह असल्यास त्याचा संभव आणखी वाढतो. त्यात खांद्याच्या सांध्याचे आवरण खरोखरच जाड होते आणि आक्रसते. तरीही ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2018 मध्ये अशा मोजक्याच रुग्णांना पूर्ण भूल दिल्यावर तपासले, तेव्हा जागेपणी अडणारा हात कितीतरी अधिक वर गेला. खऱ्या आक्रसलेपणातही स्नायूंनी सांधा आवळून धरण्याचा वाटा किती मोठा असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

हाताला मुंग्या येणे, पकड ढिली पडणे, रात्री झोपू न देणारी वेदना, ताप, विनाकारण घटणारे वजन यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. श्रमाबरोबर छातीत दडपण येऊन खांदा दुखत असेल, तर त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

एरवी खांद्याला रोज थोडी, न दुखवणारी हालचाल आणि हळूहळू वाढवलेले वजन उचलण्याचे व्यायाम द्यावेत. ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. रात्री झोपण्यापूर्वी एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली शिथिलीकरणाची पद्धत करून पाहावी. शवासनात पडून खांदे मुद्दाम कानांकडे ओढावेत, पाच-सात सेकंद धरावेत, मग एकदम सोडून द्यावेत आणि आवळलेपण व सैलपण यांतला फरक अर्धा मिनिट नुसता अनुभवावा. त्यानंतर मुठी, जबडा, कपाळ. दिवसभर आपण काय आवळून धरतो, हे कळू लागले की कामाच्या टेबलाशीही खांदे खाली सोडता येतात.

आईविषयी मात्र कोणाशी तरी बोलावे, हे मी आग्रहाने सांगते. झोप, भूक आणि कामातले लक्ष अजून सावरले नसेल, तर समुपदेशकांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : सिझेरियनला आठ महिने झाले. टाक्यांची जागा ओढल्यासारखी वाटते. तिथे अ‍ॅढिजन्स झाले असतील का? मालिश चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : शस्त्रक्रियेनंतर ऊतके एकमेकांना चिकटणे ही सिद्ध झालेली गोष्ट आहे, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. जखम पूर्ण भरलेली असेल, लाली किंवा स्राव नसेल आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संमती असेल, तर थोडे खोबरेल तेल लावून दोन बोटांनी व्रणावरची त्वचा वर-खाली, उजवी-डावीकडे हळूच सरकवावी. रोज चार-पाच मिनिटे पुरेत. यामुळे व्रण मऊ पडण्यास आणि त्या जागेची बधिरता किंवा हुळहुळेपणा कमी होण्यास मदत होऊ शकते. पोटाच्या आत आतडी, गर्भाशय आदी अवयवांमध्ये चिकटलेले पट्टे मात्र बाहेरून मालिश करून सुटतात असे मानू नये आणि तसा दावा करणाऱ्याकडून पोट रगडून घेऊ नये. ते अनेक स्त्रियांमध्ये असतात आणि बहुतेकींना आयुष्यभर त्रास देत नाहीत. पोटात थांबून थांबून कळा येणे, पोट फुगणे, उलट्या होणे आणि वायूही न सरणे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर आतड्याला अडथळा झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.