दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला-मंगळवेढ्यात चारा छावणीऐवजी पशुपालकांच्या खात्यात थेट पैसे द्यावेत का?
नाही, चाऱ्यासाठी नुसते पैसे पुरणार नाहीत. घरखर्चासाठी मात्र रोख मदतच उत्तम. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं, की मोठ्या उपासमारीत बहुतेकदा धान्य संपलेलं नसतं, ते विकत घ्यायची ऐपत संपलेली असते. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडची लाखो कुटुंबं तगली ती सरकारी दुष्काळी कामांच्या मजुरीवरच. पण बाजारात माल असेल तरच पैसा कामाला येतो. तालुक्यात ज्वारीच पिकली नसेल तर कडब्याची पेंढी नुसती महाग होते आणि दावणीची खिलार बैलजोडी मातीमोल विकावी लागते. तिथे चारा-पाणी बाहेरूनच आणायला हवं. जवळपास कारखान्याचा ऊस तुटत असेल आणि वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मिळत असेल, तर तेवढ्या गावांत पैसे दिलेले चालतील.