पटकथा लिहायला शिकायची सुरुवात कुठून करू? कोर्स करावाच लागतो का?

कोर्सचं तूर्त राहू द्या. तुम्ही म्हणताय की कॉलेजात एकांकिका लिहिल्यात आणि आता शॉर्ट फिल्म लिहायची आहे. मीही त्याच वाटेने आलो, म्हणून आधी माझी फजिती सांगतो. पहिली पटकथा मी एका दिग्दर्शक मित्राला वाचून दाखवली. बावीस पानं. पठ्ठ्याने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "सगळं कळलं की! मग कॅमेरा कशाला लावायचा?"

एकांकिकेत पात्रं बोलबोलून गोष्ट पुढे नेतात. पटकथेत दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहायचं, तेही वर्तमानकाळात. 'कर्जाच्या काळजीने कमलाकर खचला होता, पण घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं' हे कथेत चालेल. सेटवर नट विचारेल, मी नेमकं करू काय? तेच असं लिहून बघा ('इंटीरियर' म्हणजे घराच्या किंवा खोलीच्या आत घडणारा सीन) :

इंटीरियर. कमलाकरचं स्वयंपाकघर. रात्र.
कमलाकर आणि मुलगी जेवतायत. ताटाशेजारचा फोन थरथरतो. कमलाकर नंबर बघून फोन पालथा घालतो. थरथर थांबते. पुन्हा सुरू होते.
मुलगी : कोण आहे, बाबा?
कमलाकर : कोणी नाही गं. लोन हवंय का विचारतात.
पोळी वाढायला वाकलेली बायको तशीच थांबते.

खोटं बोलतानाही नेमका तोच शब्द त्याच्या तोंडून निसटला. 'बायको संशयाने बघते' हे मी मुद्दाम लिहिलं नाही, ते नटीचं काम.

सवय लागायला एक उद्योग करा. आवडता चित्रपट लावा आणि प्रत्येक सीन संपला की थांबवून एका ओळीत लिहा : कोण आलं, काय झालं, जाताना काय बदललं. आपल्याकडे याला वनलाइन म्हणतात. कंटाळवाणं आहे, पण कुठला सीन नसता तरी चाललं असतं हे लगेच कळतं. मग स्वतःच्या गोष्टीची वनलाइन काढा. ती उभी राहिल्याशिवाय संवादांना हात लावू नका. आपल्याला, एकांकिकावाल्यांना, तोच मोह आधी होतो.

एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशेब १२ पॉइंटच्या इंग्रजी कुरिअर फॉन्टवर बेतलेला. देवनागरीत त्याचा भरवसा धरू नका. त्यापेक्षा सीन मोठ्याने वाचा, हालचालींनाही वेळ द्या आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. माझी बावीस पानं एकतीस मिनिटांची निघाली होती.

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा रीतसर अभ्यासक्रम आहे, छोटे कोर्सही होतात. जायचंच तर दोन-तीन पटकथा लिहून जा. तोवर विचारायला प्रश्न तयार झालेले असतात. आणि कुणा निर्मात्याला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन पटकथेची नोंदणी करा, ऑनलाइन होते. मात्र लिहून काढलेलंच नोंदवा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही.