मानसोपचार वॉर्डात पेशंट नर्सना मारतात का? नोकरी घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग आलंय आणि पेशंट सिस्टरांवर हात उचलतात हे ऐकून आई नको म्हणतेय. मी या वॉर्डात अकरा वर्षं आहे, मारही खाल्लाय. तरी सांगते, जा.

बहुतेक पेशंट कुणाला बोटही लावत नाहीत, तेच घाबरलेले असतात. जो मारतो त्याचं आधी दिसतं: फेऱ्या वाढतात, ताट सरकवतो, मुठी वळतात.

दारू सुटून तिसरा दिवस असलेले एक दादा होते. याच दिवसांत काहींना भ्रम होतो, हे तुम्ही शिकला असाल. संध्याकाळभर ते चादरीवरचे नसलेले किडे वेचत होते. मग एकदम उठले, "दादर आलं, उतरू द्या!" मी दारात आडवी झाले, "दादा, झोपा बघू." त्यांच्या लेखी मी लोकलचं दार अडवून उभी होते. हातातला स्टीलचा पेला माझ्या भुवईवर बसला. तीन टाके.

त्यांचा दोष नव्हता, मी उभी चुकीच्या जागी होते. पेशंटची वाट अडवू नका आणि स्वतःचीही अडकू देऊ नका. दोन हात लांब, थोडं बाजूला उभं राहा. भासावर वाद घालू नका. मंगळसूत्र, लोंबते कानातले घरी. आय-कार्डची दोरी झटक्यात सुटणारी घ्या.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या रात्री चाळीस पेशंटांमागे आम्ही दोघी होतो. सकाळी वरून ऐकवलं, "पेशंटच आहे, मनावर घेऊ नका." मनावर घेतलंच नव्हतं, कागदावर घ्या म्हणत होते. नोंद नाही तर माणसं वाढवून मागायची कशाच्या जोरावर? 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की स्टाफ कमी आहे म्हणून पेशंटला बांधता येणार नाही. अगदी योग्य आहे ते. पण मग स्टाफ तरी द्या! डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राचा 2010 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद. अंगावर धावून येणाऱ्या नातेवाइकांसाठी तो जरूर वापरा. भ्रमातल्या माणसावर मी तक्रार केली नाही, करणारही नाही.

पहिल्याच दिवशी इन-चार्ज सिस्टरना विचारून घ्या: नाइटला किती जणी असतात, आणि हाक मारली तर धावून कोण येतं.