नळीत हवा का भरत नाहीत?

प्रश्न : कोलारच्या सोन्याच्या खाणीत वायूने भरलेल्या नळ्यांनी मूलकण टिपले, असे वाचले. इतक्या विरळ पदार्थात कण सापडतो कसा, आणि नळीत साधी हवा का भरत नाहीत? (एक वाचक, दादर)

उत्तर : विद्युतभारित कण वायूतून जाताना वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतो, म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून जड मूलकण) नळीत भरतात त्या आर्गॉन वायूच्या एक सेंटिमीटर थरातून गेला की असे सुमारे १०० इलेक्ट्रॉन सुटे होतात. एवढ्याशा विद्युतभाराची दखल घेणे अवघड असल्यामुळे नळीच्या मध्यातून केसाहून बारीक तार ताणून तिला हजार-दोन हजार व्होल्टचा धन दाब देतात. इलेक्ट्रॉन तारेकडे ओढले जातात, आणि तिच्या अगदी लगत विद्युतक्षेत्र इतके तीव्र होते की प्रत्येक इलेक्ट्रॉन पुढच्या अणूवर आदळून नवा इलेक्ट्रॉन सोडवतो; एकाचे दोन, दोनाचे चार होत हजारो होतात आणि तारेवर मोजण्याजोगा स्पंद उमटतो.

हवेतला ऑक्सिजन नेमके हेच होऊ देत नाही. सुटा इलेक्ट्रॉन तो वाटेतच पकडून ठेवतो, म्हणून नळीची बारीकशी गळतीही स्पंद क्षीण करते. आर्गॉन तसे करत नाही. मात्र त्याचे उत्तेजित अणू अतिनील प्रकाश सोडतात, तो नळीच्या भिंतीतून पुन्हा इलेक्ट्रॉन काढतो आणि स्पंदांची साखळी आवरत नाही. तो प्रकाश शोषण्यासाठी बहुधा १० टक्के मिथेन मिसळतात.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे आपल्याकडे दादरला तळहातातून दर सेकंदाला एखादा तरी म्यूऑन जातो. अशा वर्षावात एखादी दुर्मिळ घटना ओळखणे अशक्यच, म्हणून वरच्या खडकाने तो अडावा यासाठी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह १९८० साली कोलारला सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर लोखंडी पत्रे आणि अशा सुमारे १,६०० नळ्या थरांवर थर रचून प्रोटॉनच्या ऱ्हासाचा (अणुकेंद्रातला प्रोटॉन आपोआप फुटून हलके कण होण्याचा) शोध आरंभला. हा ऱ्हास आजवर कुठेच सिद्ध झालेला नाही, तरी त्या खोलीवर वर्षानुवर्षे नळ्या राखणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

कृष्णद्रव्याच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याच्या) शोधातही आर्गॉन वापरतात, पण तिथे तर आर्गॉनच अडचण ठरतो. हवेतून काढलेल्या एक किलो आर्गॉनमध्ये आर्गॉन-३९ या त्याच्याच किरणोत्सारी प्रकाराचा दर सेकंदाला सुमारे एक अणू ऱ्हास पावतो, आणि त्या गोंगाटात दुर्मिळ घटना हरवते. हा प्रकार वैश्विक किरणांमुळे तयार होतो. त्यामुळे त्या किरणांपासून दूर, जमिनीच्या पोटात साठलेल्या आर्गॉनमध्ये हे प्रमाण हजारपटीहून कमी आढळले आहे, म्हणून आता तो खोल विहिरींतून मिळवतात.