डाऊन सिंड्रोम असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला कोलांटउड्या चालतील का? व्यायाम कुठून सुरू करावा?

कोलांटउडी नकोच. मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात, आणि एक्स-रे नॉर्मल आला म्हणून मज्जारज्जू दबण्याचा धोका टळत नाही. चाल बदलली, मान दुखली किंवा वाकडी झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला हवा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. मग खुर्चीवरून उठ-बस, 8-10 वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. उभं राहताना गुडघे मागे ढकलले जाऊ देऊ नका. सांधे आधीच ढिले असतात; यांना स्ट्रेचिंगची नाही, ताकदीची गरज आहे. पुढे मोठेपणीही 220 वजा वय हे कमाल ठोक्यांचं सूत्र वापरू नका, यांच्या हृदयाचे ठोके तेवढे चढत नाहीत. बोलता येईल इतपतच दम लागू द्या. आणि सूचना एका वेळी एकच, आधी करून दाखवून.